मागच्या आळीचं पाणी

रेव्हरंड अनुग्रह शिरसाठ पहिल्यांदा भेटले ते तक्रार घेऊन. आदल्या दिवशी पनवेलला मुसळधार पाऊस झाला होता. आमच्या दैनिकाच्या जिल्हा पानावर त्याची बातमी होती आणि तिच्यात एक वाक्य होतं: विचुंबे रस्त्यावरच्या चर्चमध्ये पाणी घुसलं. शिरसाठांनी निथळणारी छत्री आमच्या कचेरीच्या दाराबाहेर ठेवली, आत येऊन अंक टेबलावर पसरला आणि त्या वाक्यावर बोट ठेवलं.

"यात चूक आहे."

"पाणी आलं नव्हतं का चर्चमध्ये?"

"आलं होतं. घोट्याच्या वर होतं. पण घुसलं नाही. रस्त्याच्या वरच्या अंगाचं पाणी पूर्वीपासून तिथूनच नाल्याला जातं. चर्च नंतर बांधलं. घुसलो असू तर आम्ही."

खुलासा छापायचा का, असं विचारल्यावर ते नको म्हणाले. पुढच्या वेळी बरोबर लिहा, एवढंच त्यांचं मागणं होतं. चहा घेतला, कप स्वतः मोरीत नेऊन विसळला आणि गेले. ते गेल्यावर लक्षात आलं की माणूस अनवाणी होता. बूट त्यांच्या काखेत होते.

बूट काळे, चामड्याचे. शिरसाठांची एकमेव हौस म्हणायची तर ती. रोज सकाळी ते स्वतः पॉलिश करत, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. पावसाळ्यात लोक रबरी चपला घालत. हे अनवाणी चालत आणि बूट छातीशी धरत. चर्चच्या दारात पाय पुसून ते चढवत आणि मगच व्यासपीठावर जात. चर्चच्या मंडळीतली मुलं त्यांना पाठीमागे 'बूटसाहेब' म्हणत. समोर सगळे पाळकसाहेब म्हणत, आणि त्यांच्या पत्नीला पाळकबाई.

मूळचे ते नगरकडचे. उंच, किंचित वाकलेले, बोलण्यात संथ. उपदेश लांब आणि कोरडा. गाता येत नसे, तरी प्रत्येक गीत शेवटपर्यंत आणि चुकीच्या पट्टीत म्हणत. निवृत्तीपूर्वीची शेवटची नेमणूक म्हणून ते पनवेलला आले होते. मंडळी मोठी नव्हती. रेल्वेत, कारखान्यांत आणि इस्पितळांत नोकरी करणारी नगर, जालना, कोल्हापूरकडची कुटुंबं. काही जण करंजाड्याला नवीन घर घेऊन राहायला आलेले. चर्च जुनं, कौलारू, रस्त्यापेक्षा खोलात. मागच्या कुंपणाला लागून आगरी लोकांच्या घरांची एक आळी, आणि आळीपलीकडे नाला.

त्यांचं एक वाक्य पनवेलमध्ये बऱ्याच जणांच्या लक्षात आहे: "पत्ता सांगा."

शहरातल्या सगळ्या मंडळ्यांनी मिळून एकदा एक दिवसाचं शिबिर घेतलं होतं. विषय होता हवामान बदल आणि ख्रिस्ती माणसाचं कर्तव्य. पाहुण्या वक्त्यांनी पडद्यावर वितळणारा बर्फ दाखवला, होरपळलेली जंगलं दाखवली आणि शेवटी पृथ्वीसाठी प्रार्थना करू या म्हणाले. शिरसाठ मागच्या रांगेतून उठले.

"पृथ्वीचा पत्ता सांगा."

लोक हसले. वक्तेही हसले. शिरसाठ उभेच राहिले. "मी थट्टा करत नाही. आजारी माणसासाठी प्रार्थना करायची तर आम्ही नाव विचारतो, खाट कुठल्या वॉर्डात आहे ते विचारतो. मग भेटायला जातो. पृथ्वीला भेटायला कुठं जाऊ?"

त्यांच्या चर्चमध्ये हे रविवारी ऐकू येई. उपासनेत सार्वजनिक पापांगीकार असतो. आपण चुकलो, असं सगळ्यांनी मिळून देवापुढे कबूल करायचं. छापील प्रार्थना संपली की शिरसाठ थोडं थांबत आणि त्या आठवड्यातलं एखादं ठिकाण जोडत. पुलाखाली टाकलेल्या पिशव्या. करंजाड्याच्या मागच्या अंगाला कापलेली टेकडी. द्रोणागिरीकडच्या गोदामांसाठी तोडलेली खाडीकाठची तिवरं. वाक्याची सुरुवात नेहमी 'आम्ही' अशी. टेकडी आम्ही कापली. तिवरं आम्ही तोडली. कुणी म्हणालं की साहेब, आम्ही कुठं तोडली, तर ते विचारत, "तुझ्या घरी येणारा माल कुठल्या गोदामातून येतो?"

त्यांची स्वतःची स्कूटर भयंकर धूर सोडत असे. तरुण संघातल्या एका मुलीनं ते त्यांना तोंडावर ऐकवलं. पुढच्या रविवारी पापांगीकारात स्कूटर आली. स्कूटर मात्र त्यानंतरही बरेच दिवस चालू राहिली, हेही नोंदवायला हवं.

त्याच तरुण संघानं पर्यावरण रविवार साजरा करायचं ठरवलं. रोपं आली, फलक आला. शिरसाठांनी विचारलं, "गेल्या वर्षीची रोपं कुठं आहेत?"

"मेली, साहेब."

"आणि त्याच्या आदल्या वर्षीची?"

"तीपण. पण खड्डे तेच आहेत, साहेब. नवीन खणावे लागत नाहीत."

हा प्रसंग ते स्वतः हसत सांगत. त्या वर्षी त्यांनी रोप लावू दिलं नाही. दृढीकरणाच्या, म्हणजे मंडळीचं पूर्ण सभासद होण्याआधीच्या, वर्गातल्या प्रत्येक मुलाला आवारातलं एक जुनं झाड वाटून दिलं आणि मे महिनाभर त्याला पाणी घालायला सांगितलं. दोन पालकांनी तक्रार केली की हे बायबलच्या अभ्यासात येत नाही.

चर्चमध्ये दर पावसाळ्यात पाणी येई. शिरसाठांची रीत ठरलेली होती. ढग भरून आले की पुढचं दार आणि मागचं दार, दोन्ही सताड उघडायची. बाजाची पेटी व्यासपीठावर, गीतांची पुस्तकं खिडकीत. पाणी पुढून येई, बाकांखालून वाहत मागून निघून आळीच्या कडेनं नाल्याला मिळे. पाऊस ओसरला की आवार धुवायचं आणि कामाला लागायचं. पण दरवर्षी पाणी थोडं चढत होतं, कारण आजूबाजूच्या जमिनी भराव टाकून वर येत होत्या. नव्या इमारती उंच, रस्ता उंच. खोल उरलं होतं चर्च आणि मागची आळी.

मंडळीचे खजिनदार फिलिपराव मुरूम आणि भरावाची कंत्राटं घेत. चार डंपर होते, एक जेसीबी होतं. मोकळ्या मनाचा, मोठ्या आवाजाचा माणूस. चर्चच्या छताची कौलं त्यांनीच घालून दिली होती. कमिटीच्या बैठकीत ते म्हणाले, "साहेब, आवार मी भरून देतो. दाराच्या उंबऱ्यापर्यंत मुरूम, वर पेव्हर ब्लॉक. मंडळीचा एक पैसा नको."

"पाणी कुठं जाईल?"

"जाईल कुठंतरी."

"कुठंतरीचा पत्ता सांगा, फिलिपराव."

"आता साहेब, सगळ्या पनवेलनं भराव टाकला. आपणच काय ते पाण्यात बसायचं?"

"आपण उंच झालो की कोणीतरी खोल होतं. समुद्र चढतोय म्हणतात. त्याच्या आधी आपणच जमीन चढवतोय. पाणी तेवढंच आहे."

बैठक निर्णयाविना संपली.

पुढे जे झालं ते वाईट हेतूनं झालं नाही, असं त्यात असलेले सगळे आजही सांगतात, आणि ते खरं आहे. पाळकबाईंचे गुडघे दुखत. आदल्या पावसाळ्यात त्या चर्चमधल्या पाण्यात घसरून पडल्या होत्या. मे महिन्यात शिरसाठ दांपत्य पुतणीच्या लग्नाला नगरला गेलं आणि मंडळीनं त्यांना न सांगता आवार भरून टाकायचं ठरवलं. फिलिपरावांचे डंपर लागले. बायकांनी मजुरांना जेवण घातलं. तरुण संघानं ब्लॉक बसवले. पाळकबाईंसाठी एक उतार केला, त्याला कठडा लावला. शिरसाठ परतले त्या दिवशी फाटकावर फुलांची माळ होती आणि सगळी मंडळी दोन्ही बाजूंना उभी होती.

शिरसाठांनी आवार पाहिलं. बाईंनी कठड्याला धरून उतार चढून पाहिला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. शिरसाठ म्हणाले, "तुम्ही फार कष्ट घेतलेत." दुसरं काही बोलले नाहीत. त्या दिवशी नाही, त्या महिन्यातही नाही.

जुलैच्या सुरुवातीलाच पाणी आळीत गेलं. चर्चच्या कुंपणाला सगळ्यात जवळ चांगुणाबाईचं घर होतं. वय झालेली बाई. मुलगा उरणला बंदरात कामाला. झावळ्यांच्या रविवारी चर्चला लागणाऱ्या नारळाच्या झावळ्या वर्षानुवर्षं तिच्याच वाडीतून येत. तिचा ओटा बुडाला, आतली तांदळाची कणगी भिजली, चूल विरघळली. पाऊस ओसरल्यावर शिरसाठ तिच्या दारात गेले. ती भिजलेले तांदूळ चटईवर पसरत होती.

"या पाळकसायेब," ती म्हणाली. "तुमचा देऊल उंच झाला. आमचे घरान पानी आला. आजवर कदी नाय आला."

पुढचा रविवार महिन्याचा पहिला होता. त्या दिवशी प्रभुभोजन असतं: भाकर आणि द्राक्षरस. रस पाळकबाई करत. शनिवारी संध्याकाळी त्या मनुका उकळत आणि चर्चच्या आवारात गोडसर वास पसरे. रविवारी टेबल नेहमीसारखं मांडलेलं होतं. ताट, प्याले, वर पांढरं कापड. शिरसाठांनी ते वचन वाचलं: वेदीपाशी आलास आणि आपल्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. पुस्तक मिटलं. कापड काढलं नाही.

"आपला भाऊ मागच्या आळीत आहे," ते म्हणाले. "त्याच्या घरात आपलं पाणी आहे. मंडळी तिथं जाऊन आली की मी हे कापड काढीन."

मग शेवटचं गीत सांगून बसले.

लोकांना वाटलं हा एका रविवारचा राग असेल. ऑगस्टमध्ये टेबल मांडलं गेलं आणि झाकलेलंच राहिलं. सप्टेंबरमध्येही. काही जण एकेकटे चांगुणाबाईकडे जाऊन आले, पीठ-तांदूळ देऊन आले. शिरसाठ म्हणाले, चांगलं केलंत, पण भराव मंडळीनं टाकला, मंडळीनं जायचं. कमिटी जायला तयार नव्हती. जायचं म्हणजे भराव काढायचा, हे सगळ्यांना कळत होतं. फिलिपराव म्हणत, "प्रेमानं केलेल्या कामाची माफी मागू? माझ्याकडून व्हायचं नाही." वरिष्ठांकडून फोन आला. शिरसाठांनी उत्तर दिलं, "मी नाकारलेलं नाही. टेबल मांडलेलं असतं." ही बातमी कुठल्याही पेपरात आली नाही. दोन्ही बाजू बोलायला तयार नव्हत्या.

पाळकबाई दर पहिल्या शनिवारी मनुका उकळत राहिल्या. रस रविवार शाळेच्या मुलांना मिळे. नवरा एकदा म्हणाला की या महिन्यात नको करूस, तर त्या म्हणाल्या, "रुसवा तुमचा आहे. मनुकांनी काय केलंय?" मंडळीला एक गोष्ट ठाऊक होती: त्या महिन्यांत शिरसाठ स्वतःही प्रभुभोजनाविना राहिले. सभांसाठी इतर चर्चमध्ये जात, पण तिथंही प्याला आला की पुढच्याकडे देत.

नाताळ तसाच गेला. ज्यांनी आयुष्यात कधी नाताळचं प्रभुभोजन चुकवलं नव्हतं अशा म्हाताऱ्या बायका रडल्या. काही कुटुंबं दुसऱ्या चर्चमध्ये जाऊ लागली. ती गेली त्याचं शिरसाठांना वाईट वाटलं नाही असं नाही. त्या काळात ते वाळले. उपदेश मात्र आखूड झाले.

वधस्तंभाच्या शुक्रवाराआधीच्या, म्हणजे गुड फ्रायडेआधीच्या, आठवड्यात फिलिपरावांचे वडील इस्पितळात होते. भराव टाकला तेव्हाही ते अंथरुणावरच होते. त्यांनी पाळकसाहेबांना बोलावून प्रभुभोजन मागितलं. शिरसाठ लगेच गेले. खाटेच्या कडेला बसून त्यांनी म्हाताऱ्याच्या जिभेवर भाकरीचा तुकडा ठेवला, चमच्यानं रस पाजला. फिलिपराव उशाशी उभे होते. बाहेर व्हरांड्यात त्यांनी शिरसाठांना गाठलं. हा संवाद तिथं असलेल्या परिचारिकेनं, तीही मंडळीतलीच, पुढे अनेकांना सांगितला.

"बाबांना दिलंत. आम्हाला नाही."

"त्यांना उठून आळीत जाता येत नाही, फिलिप. तुम्हाला येतं."

"तुम्ही कठोर आहात, साहेब."

"नाही," शिरसाठ म्हणाले. "कठोर असतो तर मे महिन्यातच बोललो असतो. आवार पाहिलं त्याच दिवशी मला कळलं होतं पाणी कुठं जाणार ते. तुम्ही माळ घेऊन उभे होतात. बाई कठडा धरून आनंदानं रडत होती. मी गप्प बसलो. चांगुणाबाईच्या तांदळात माझाही वाटा आहे."

म्हातारे दोन दिवसांनी गेले. अंत्यविधीला आळीतली माणसं आली. चर्च भरलेलं होतं, म्हणून ती आवारात, नव्या ब्लॉकवर उभी राहिली. चांगुणाबाई पुढे होती. दुसऱ्या दिवशी फिलिपरावांच्या घरी तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाची भाजी पोचली. शोकाच्या घरात चूल पेटवू नये, शेजाऱ्यानं जेवण द्यावं, ही आळीची रीत. फिलिपराव तिच्या आळीपासून बरेच लांब राहत होते. आळीतल्या एकाच्या रिक्षातून तिनं टोपलं पाठवलं होतं.

पुनरुत्थानाच्या रविवारी, म्हणजे ईस्टरला, उपासना संपल्यावर फिलिपराव उठले आणि मागच्या दारानं बाहेर पडले. कुणी कुणाला सांगितलं नाही. हळूहळू सगळी मंडळी त्यांच्या मागून गेली. शिरसाठ सर्वांत शेवटी. आळी अरुंद, निम्मे लोक कुंपणाशीच थांबले. फिलिपराव ओट्यासमोर हात जोडून उभे राहिले.

"मावशी, आमची चूक झाली. माफ करा."

चांगुणाबाईनं त्यांच्याकडे पाहिलं, मग मागच्या गर्दीकडे.

"एवरी मानसा कशाला आनली? माफी तुज्याकडंच ठेव, बाला. तिचा मी काय करू? पान्याला वाट दे."

"देतो."

"कवा?"

"पावसाच्या आधी."

"मंग बस. च्या घेऊन जा. सगल्यांना कप नाय पुरायचं, सांगून ठेवतंय."

त्याच आठवड्यात फिलिपरावांनी स्वतःचं जेसीबी आणलं आणि स्वतःच बसवलेले ब्लॉक उचकटून फाटकापासून मागच्या कुंपणापर्यंत आणि तिथून आळीबाहेरून नाल्यापर्यंत रुंद, खोल चर खणला. भिंतीलगतचं काम यंत्राला जमण्यासारखं नव्हतं. ते मंडळीनं फावड्यानं केलं. पाळकबाईंचा उतार आणि कठडा चांगुणाबाईच्याच सांगण्यावरून राखला. चर काठोकाठ भरला की पाणी पुन्हा चर्चमध्ये येणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मेच्या पहिल्या रविवारी शिरसाठांनी टेबलावरचं कापड काढलं. भाकर मोडली, सगळ्यांना दिली. फिलिपराव रडले. शेवटी रीतीप्रमाणे पाळकानं स्वतः घ्यायचं असतं. शिरसाठांनी प्याला टेबलावर तसाच ठेवला आणि कापड पुन्हा घातलं. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. कमिटीतल्या एकानं नंतर विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "तुम्ही चर खणलात, तुमचा समेट झाला. मी पाणी जाताना अजून पाहिलेलं नाही."

महिनाअखेरीस ते निवृत्त झाले आणि नगरला गेले. निरोपाच्या सभेत ते दोनच मिनिटं बोलले. फिलिपरावांनी नवे बूट भेट द्यायचं ठरवलं होतं. शिरसाठांनी जुने दाखवून नको म्हटलं.

पुढच्या जुलैत पाऊस पुन्हा तसाच लागला. गाढी नदी चढली, काही रस्ते बंद झाले. रविवारी सकाळी पाण्याची स्थिती पाहायला विचुंबे रस्त्यावर गेलो. चर्चचे दोन्ही दरवाजे सताड उघडे होते. चर भरून वाहत होता आणि त्याच्या वरचं पाणी चर्चच्या आतून, बाकांखालून, मागच्या दारानं निघून जात होतं. आत उपासना चालू होती. महिन्याचा पहिला रविवार होता.

शिरसाठ आळीच्या बाजूनं येताना दिसले. पहाटेच्या एसटीनं एकटेच आले होते. बाईंना गुडघ्यांमुळे प्रवास झेपत नव्हता. पॅन्ट दुमडलेली, अनवाणी, बूट छातीशी. ते चांगुणाबाईच्या दारासमोर थांबले. ती उंबऱ्यात बसली होती.

"या, सायेब. आता तुमचे देवलान पानी. आमचे घरान नाय."

शिरसाठ खाली वाकले आणि ओट्यावर तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग तो हात उलटा करून पाहिला. कोरडा होता.

"बसा की वाईच."

"येतो. आधी आत जाऊन येतो."

मागच्या दारानं ते चर्चमध्ये शिरले. नवीन पाळक तरुण होते. ते पाण्यात उभे राहून प्रभुभोजन देत होते, कारण लोकांना नेहमीसारखे गुडघे टेकायला कोरडी जागा नव्हती. माणसं रांगेनं पुढे जात होती. शिरसाठ रांगेच्या शेवटी उभे राहिले. त्यांच्या पुढे फिलिपराव होते. त्यांनी मागे वळून पाहिलं आणि बाजूला सरून त्यांना पुढे जाऊ दिलं.

भाकर घ्यायला दोन्ही हात पुढे करावे लागतात. शिरसाठांनी हातातल्या बुटांकडे पाहिलं. खाली सगळीकडे पाणी होतं. त्यांनी बूट फिलिपरावांच्या हातात दिले आणि पुढे झाले. फिलिपरावांनी ते छातीशी धरले.